भूक नकाशावर ठरते का? प्रदेश आणि अन्न-असुरक्षितता

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी भूगोल शिकवते आणि पुढच्या सत्रात वरच्या वर्गाला अन्न-असुरक्षितता हा विषय घ्यायचाय. पुस्तकात ठरलेली यादी आहे, कमी पाऊस, नापीक जमीन, वाढती लोकसंख्या, झालं. मुलं पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. पण जगाचा नकाशा समोर घेऊन बसलं की ती यादी पुरत नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात साधारण ६७ कोटी लोक भुकेले होते, आणि आफ्रिकेत दर पाचातला एक. म्हणजे प्रदेशाप्रमाणे फरक पडतोच, पण तो नेमका कशामुळे?

माझं मत आधीच सांगते म्हणजे खोडून काढायला बरं. मला वाटतं पहिलं पाणी, मग माती, मग अंतर. सरकार, बाजार, युद्ध हे सगळं त्यानंतर. जिथे पाऊसच बेभरवशाचा तिथे राज्य कुणाचंही असो, उपासमार कधी ना कधी गाठणारच. पटतंय का? अशा भागात कुणी काम केलं असेल, राहिलं असेल तर जरूर लिहा, वर्गात सांगायला खरी उदाहरणं हवीयत.

चांदणफूल

विषय छान घेतलाय ताई. वाचतेय.

माळावरचा

मला नाही पटलं. पाणी पहिलं म्हणाल तर १९४३ चा बंगाल बघा. नद्यांचा प्रदेश, पाऊस उदंड, भाताची जमीन, आणि तिथे वीस ते तीस लाख माणसं गेली. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरकडे चक्रीवादळानं पीक बुडवलं हे खरं. पण ब्रह्मदेश जपानच्या हातात गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला, जपानी येतील या भीतीनं सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्याच काढून घेतल्या, मग मासेमारी बसली आणि मालाची ने-आण पण बसली, वर युद्धखर्चामुळे भाव भडकलेले. अमर्त्य सेन यांनी दाखवलं ते हेच, की एकूण धान्य किती होतं एवढंच बघून चालत नाही, ते विकत घ्यायची ऐपत कुणाकडे उरली होती ते बघा. मेले ते शेतमजूर, कोळी, नावाडी, गावातले कारागीर. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना मात्र धान्य पुरवलं जात होतं. प्रांत एकच, पाऊसही एकच.

पाऊसपाणी

@माळावरचा, बंगालचं मान्य. पण एका उदाहरणावर पाण्याला इतकं मागे ढकलू नका, माझं कामच हवामानाचं आहे म्हणून जरा बोलतो. सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत लागवडीखालच्या शंभर हेक्टरांतले फार तर पाच-सहा ओलिताखाली आहेत, बाकी सगळं आकाशाकडे बघून. सोमालिया, इथिओपिया, केनियाच्या पूर्व भागात वर्षात दोन छोटे पावसाळे असतात आणि २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच पावसाळे फसले. पहिल्यात माणूस साठवणीतलं खातो, दुसऱ्यात जनावर विकतो, तिसऱ्यात बियाणं खातो. पाचव्यापर्यंत कुणाकडे काय राहणार?

आणि फक्त पाऊस नाही. त्सेत्से माशीचा पट्टा घ्या. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या भागात या माशीनं पसरवलेल्या रोगामुळे गुरं फारशी जगत नाहीत. गुरं नाहीत म्हणजे नांगराला बैल नाही, शेणखत नाही, दूध नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेती कुदळीवर अडकली ती त्यामुळे. हे कुठल्या सरकारनं केलेलं नाही, तेव्हा खडूताईंचा मुद्दा इतका सहज उडवून लावण्यासारखा नाहीये.

माळावरचा

उडवून नाही लावत हो. दुष्काळ हवामान आणतं हे कबूल. पण दुष्काळ पडला म्हणजे माणसं मेलीच पाहिजेत असं कुठेय? बोट्स्वानात १९८२ ते ८७ सलग कोरडी वर्षं, देश जवळजवळ वाळवंटी. तिथल्या सरकारनं गावोगाव मजुरीची कामं काढली, मुलांना खाऊ घातलं, लोक जगले. १९७२-७३ ला महाराष्ट्रात पिकं पार झोपली होती, तेव्हा सरकारी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते, आणि मोठी उपासमारी टळली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला तो याच अनुभवातून. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दोन्ही ठिकाणांबद्दल सविस्तर लिहिलंय.

आता उलटं बघा. अधिकृतपणे 'फॅमिन', म्हणजे सगळ्यात टोकाची उपासमार, म्हणून नोंद झालेली अलीकडची ठिकाणं कुठली? दक्षिण सोमालिया २०११, दक्षिण सुदान २०१७, सुदानमधली विस्थापितांची झमझम छावणी २०२४, गाझा २०२५. चारही ठिकाणी बंदुका आहेत. पावसानं झालेलं यातलं फक्त सोमालियाचं अर्धंमुर्धं.

अंगणवेल

आकडेवारी चाललीये त्यात एक गोष्ट सुटतेय. मी पोषणाचं काम करते, तपासणी शिबिरांत बरीच वर्षं काढलीत. मुलाच्या दंडाला आम्ही एक कागदी पट्टी लावतो, हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल. पट्टीच्या खिडकीत लाल दिसला की आईला वाचता येत नसलं तरी कळतं, ती आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग मुलाला छातीशी घट्ट धरते.

सांगायचं हे, की लाल आलेल्या सगळ्या घरांत धान्य संपलेलं नव्हतं. कित्येक घरांत होतं! पण पाणी घाण, मूल सतत हगवणीनं बेजार, खाल्लेलं अंगी लागत नाही. १९९६ च्या रोमच्या जागतिक अन्न परिषदेत जी व्याख्या झाली त्यात म्हणून अन्न उपलब्ध असणं, ते मिळवता येणं, अंगी लागणं आणि हे सगळं कायम टिकणं, चारही येतं. ओलसर धान्य साठवण्याचा प्रश्न वेगळाच. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात मक्यावरच्या बुरशीच्या विषानं, अफ्लाटॉक्सिननं, १२५ माणसं दगावली. मका घरात होता, तोच विष झाला.

खडूताई, तुमच्या यादीत पाणी पहिलं ठेवायचं असेल तर पावसाच्या पाण्याबरोबर प्यायचं पाणीही ठेवा.

खडू_फळा

अंगणवेल, हे मी वर्गात नक्की सांगणार. आणि माळावरचा, तुमचा बोट्स्वानाचा मुद्दा मला अडवतोय, मान्य. पण अंतराचं काय? समुद्र नसलेले देश, डोंगरातली गावं, तिथे तर माल पोचणंच कठीण. कुणाला याचा अनुभव?

दर्यावर्दी

माल पोचण्याबद्दल मी सांगतो, जहाजावर नोकरी केलीये. उलटा अनुभव आहे, समुद्र असून उपयोग नाही असा. येमेन आपला गहू नव्वद टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो, आणि देशात येणाऱ्या मालाचा मोठा वाटा होडेइदा या एका बंदरातून. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मोठ्या क्रेन हवाई हल्ल्यात गेल्या. जहाज आलं तरी उतरवणार कशानं? जहाजाच्या स्वतःच्या छोट्या क्रेनवर हळूहळू. नव्या चार क्रेन लागल्या २०१८ च्या जानेवारीत. मधल्या काळात तपासणीसाठी जहाजं नांगर टाकून उभी, दिवसाचं भाडं चढतंय, विमा चढतोय, आणि ते सगळं शेवटी पिठाच्या पोत्यावर जाऊन बसतं. बंदराच्या बाहेर उभं राहून शहराचे दिवे दिसायचे आम्हाला. पोटात गहू भरलेलं जहाज आणि समोर उपाशी शहर, फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

तेव्हा प्रदेश म्हटलं की मी आधी विचारतो, याचं धान्य कुठल्या दारातून येतं आणि त्या दाराची किल्ली कुणाकडे? काळ्या समुद्राचं बघा, २०२२ ला युक्रेनची बंदरं अडली आणि इजिप्त, लेबनॉन, सोमालियाचा घास अडला. त्यावर्षी जुलैत धान्याची जहाजं जाऊ देण्याचा करार झाला, वर्षभरात जवळपास ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडलं, मग २०२३ च्या जुलैत करार मोडला. हजारो मैलांवरचं भांडण, पण भाकर कुणाची महागली ते बघा.

पाऊसपाणी

+१. आणि निर्यातबंदी हा पण हवामान आणि राजकारण यांचा जोडधंदाच. २०१० च्या उन्हाळ्यात रशियात उष्णतेची लाट आली, गहू जळाला, ऑगस्टमध्ये निर्यात बंद. आयात करणाऱ्या देशांत पाऊस कसा पडला याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

वळचण

खडूताईंच्या समुद्र नसलेल्या देशांबद्दल. मी मदतसंस्थेत असताना नायजरमध्ये होतो, २००५ च्या संकटानंतरच्या काळात. त्या संकटात २००४ चं पीक टोळ आणि कोरडेपणामुळे घटलं होतं, पण इतकंही नाही की एवढी उपासमार व्हावी. झालं काय, शेजारच्या नायजेरियात भाव चढले आणि तिकडच्या मागणीनं धान्य ओढून घेतलं. व्यापारी कुठे जाणार, जिथे भाव मिळतो तिथे. सीमा कागदावर आहे, बाजार एकच आहे.

आणि जनावरं पाळणाऱ्यांचं गणित तर शेती करणाऱ्यांना पटकन कळत नाही. आठवडी बाजारात एक म्हातारे गृहस्थ शेळी घेऊन बसलेले असायचे. त्यांना शेळी विकून बाजरी न्यायचीये. कोरड्या वर्षी सगळेच शेळ्या विकायला आणतात, चारा नसल्यानं शेळी हाडकलेली, भाव पडलेला. त्याच वेळी बाजरी महाग. चांगल्या वर्षी एका शेळीत पोतं उचललं जायचं, त्या दिवशी पोतं अर्धंही भरेना. व्यापारी भांड्यानं धान्य मोजून घालत होता आणि आजोबा प्रत्येक भांड्याला हलवून खाली बसवायला सांगत होते, म्हणजे वर अजून मूठभर मावेल. बाजारात बाजरीची थप्पी लागलेली, हे मुद्दाम सांगतो. नुसतं उत्पादन मोजणाऱ्याला त्या बाजारात कसलीच टंचाई दिसली नसती.

चांदणफूल

आजोबांचं वाचून पोटात कालवलं. एक प्रश्न, हे वर्षभर चालतं की ठराविक महिन्यांत? कारण वरच्या आकडेवारीत सगळं वर्षाचं वर्षाला येतंय.

वळचण

एकदम बरोबर प्रश्न! साहेल पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाला, जून ते ऑगस्ट हे सगळ्यात वाईट महिने. जुनं संपलेलं, नवं शेतात उभं, आणि नेमकं याच वेळी शेतात सगळ्यात जास्त राबायचं असतं. वर पावसामुळे हिवताप आणि रस्ते बंद. वर्षाची सरासरी काढली की हे महिने गायबच होतात.

अंगणवेल

बांगलादेशाच्या उत्तरेला रंगपूर भागात याला 'मोंगा' म्हणतात, आश्विन-कार्तिकात. भाताची लावणी झालेली, कापणीला वेळ, मधे मजुरीच नाही. २००८ च्या सुमारास तिथे संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, त्या महिन्यांत शहरात कामाला जाण्यासाठी बसभाड्याएवढी रक्कम दिली. बरेच लोक गेले, घरी खाणं सुधारलं. मग तोच कार्यक्रम मोठा करायला गेले तर तसा परिणाम दिसेना, २०१९ ला बंद केला. सांगायचं हे की एका भागात, एका वेळी लागू पडलेला उपाय उचलून सगळीकडे लावता येत नाही.

उत्तरायण

सगळे गरम देशांबद्दल बोलतायत, मी थंडीतलं सांगते. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुतमध्ये काही काळ नोकरी केली. श्रीमंत देश, पण तिथे निम्म्याहून जास्त घरांत अन्नाची शाश्वती नाही. २५ वस्त्या, एकमेकींना जोडणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की जहाज येतं, एरवी सगळं विमानानं. हवा बिघडली की विमान नाही, विमान नाही की फळीवर काही नाही.

पण अंतर हेच कारण म्हणाल तर अर्धीच गोष्ट होईल. इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, शेकडो वर्षं तिथेच राहून सील, कॅरिबू, मासे खाऊन जगले, अंतर तेव्हाही होतंच की! विसाव्या शतकाच्या मध्यात त्यांना कायमच्या वस्त्यांत आणून बसवलं, शिकारीच्या जागा लांब पडल्या. आता शिकारीला स्नोमोबाईल (बर्फावरची गाडी) लागते, इंधन लागतं, पगारी नोकरी असलेल्यालाच शिकार परवडते. आणि बर्फ उशिरा धरतं, लवकर सुटतं, जुन्या वाटा भरवशाच्या राहिल्या नाहीत. सरकार वाहतुकीला सवलत देतं, २०११ पासूनची योजना आहे, पण ती सवलत पूर्ण गिऱ्हाईकापर्यंत पोचत नाही असं अभ्यासातही आलंय.

दर्यावर्दी

उत्तरायणताई, 'विमान नाही की फळीवर काही नाही' हे अगदी बंदरासारखंच झालं. एकच दार.

गणूमास्तर

अमेरिकेत यालाच 'फूड डेझर्ट' म्हणतात ना? जवळ धड दुकान नाही म्हणून लोक नीट खात नाहीत. मग दुकानं उघडा, प्रश्न मिटला.

माळावरचा

मास्तर, तसंच वाटायचं सगळ्यांना. २०१९ मध्ये तिथल्या अर्थशास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास आला, गरीब वस्तीत नवं सुपरमार्केट उघडलं तरी लोकांच्या खरेदीत फारसा फरक पडला नाही. श्रीमंत-गरिबांच्या आहारातल्या तफावतीपैकी दुकान आणि किमतींच्या उपलब्धतेमुळे जेमतेम दहा टक्के. बाकी उत्पन्न, शिक्षण, सवयी वगैरे. मिसिसिपीचा डेल्टा भाग बघा, जगातल्या उत्तम मातींपैकी एक, आणि तिथली कृष्णवर्णीय वस्ती अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त अन्न-असुरक्षित लोकांत. शेतात कापूस आणि सोयाबीन, जमीन मोजक्यांची. खडूताई, माती दुसऱ्या नंबरवर ठेवली होतीत ना तुम्ही?

उत्तरायण

शहरात दुकान दोन मैलांवर असणं आणि विमानाशिवाय दुकानच नसणं यात फरक आहे हं. तो अभ्यास नुनावुतला लावू नका.

माळावरचा

हो, ते बरोबर. तिथे नाही लागू.

गणूमास्तर

बरं मग लोकसंख्या? त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

पाऊसपाणी

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक घ्या मास्तर. विरळ वस्ती, पाऊस चांगला, जमीन भरपूर, आणि भुकेच्या यादीत कायम वर. नेदरलँड्स दाटीवाटीचा देश आणि शेतमाल निर्यातीत जगात आघाडीवर. नुसत्या डोक्यांच्या संख्येनं काही ठरत नाही. (आलो ना मी पण माळावरच्यांच्या बाजूला थोडा, आता तरी खूश व्हा!)

जुनाजाणता

उशिरा येतोय पण एक राहिलेलं सांगतो. पिकणाऱ्या भागालाच भूक लागते असं इतिहासात वारंवार झालंय. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या महाभयंकर उपासमारीत सिचुआन सगळ्यात जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी, आणि सिचुआन म्हणजे धान्याचं कोठार. कोठार म्हणूनच तिथून वसुली जास्त. पीक फुगवून सांगितलं, त्या आकड्यावर वसुली झाली, गावात काही उरलं नाही. १९३२-३३ ला युक्रेनमध्ये हेच, काळी कसदार माती आणि लाखो मृत्यू. पाऊस, माती दोन्ही असून माणसं गेली कारण गावाला 'देणार नाही' म्हणायची सोय नव्हती.

हैतीचं वेगळं. १९९५ मध्ये तांदळावरचा आयातकर उतरवून ३ टक्क्यांवर आणला, बाहेरचा स्वस्त तांदूळ आला, आर्तिबोनित खोऱ्यातला शेतकरी बसला. २००८ ला जगात भाव चढले तेव्हा दंगे झाले आणि पंतप्रधानांना जावं लागलं. १९९५ ला अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये स्वतः या धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. प्रदेशाचं नशीब कधी कधी त्या प्रदेशाबाहेर बसून लिहितात.

चांदणफूल

धागा अर्ध्या जगाची सफर करून आला :) खडूताई कुठायत?

खडू_फळा

आहे आहे, सगळं वहीत उतरवतेय. माझी 'पाणी, माती, अंतर' ही उतरंड टिकत नाही हे दिसतंय. पण पाऊसपाणींची त्सेत्से माशी आणि पाच फसलेले पावसाळे मी सोडणार नाही, कारण मुलांना 'सगळं सरकारमुळे' असं शिकवणं पण खोटंच होईल. हवामान धक्का कुणाला आधी आणि किती जोरात देतं हे ठरवतं असं मी मांडेन. तो धक्का ताटापर्यंत पोचतो की मधेच कुणी अडवतं, ते रस्ता, मजुरी, बाजार आणि सत्तेवर.

एक अडचण, मुलं विचारतील की भूक मोजतात कशी. आणि आधी कळत नाही का?

अंगणवेल

एफएओची आठ प्रश्नांची पद्धत आहे. गेल्या वर्षभरात पैसे किंवा साधनं नाहीत म्हणून पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का, एखादं जेवण चुकवावं लागलं का, पूर्ण दिवस उपाशी राहावं लागलं का, अशा चढत्या क्रमानं. मुलांना समजायला सोपी आहे. फक्त वर्गात हात वर करायला लावू नका, कुणाच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं.

वळचण

आधी कळतं, तेच तर दुःख आहे. १९८४ च्या इथिओपियानंतर पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या, पावसाचे उपग्रह नकाशे, बाजारभाव, जनावरांचे भाव, सगळं गोळा होतं. सोमालियात २०१० च्या पावसाळ्यापासून इशारे चालू होते. फॅमिन जाहीर झालं २०११ च्या जुलैत, पैसा आणि माणसं त्यानंतर धावली. नंतरच्या अभ्यासात त्या संकटात साधारण २ लाख ५८ हजार मृत्यूंचा अंदाज आला, निम्मी पाच वर्षांखालची मुलं. २०१७ ला तिथेच पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा मदत लवकर पोचली, मोबाईलवरून घरोघर रोख पैसे गेले, आणि तितकं भयंकर झालं नाही. देश तोच, आभाळ तेच.

खडू_फळा

हे शेवटचं मला हवंच होतं. मग असं करते, मुलांचे गट पाडते, प्रत्येक गटाला एक प्रदेश. शेतातून निघालेलं पोतं घरातल्या ताटापर्यंत कुठे कुठे अडतं ते नकाशावर खुणा करून दाखवायचं. कुठले प्रदेश देऊ?

दर्यावर्दी

होडेइदा द्या. बंदर ते डोंगरातलं गाव, मधल्या तपासणी नाक्यांसकट.

वळचण

नायजर-नायजेरिया सीमा द्या, पण पोत्याबरोबर शेळीची खूणही करायला सांगा. आणि आयपीसीचे, म्हणजे भुकेची तीव्रता टप्प्यांत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, नकाशे उघडे मिळतात, पिवळा म्हणजे ताण, नारिंगी म्हणजे संकट, लाल म्हणजे आणीबाणी, गडद लाल म्हणजे फॅमिन. एकाच प्रदेशाचा मार्चचा आणि ऑगस्टचा नकाशा शेजारी ठेवा, चांदणफूल यांचा महिन्यांचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील.

उत्तरायण

एक गट नुनावुतला ठेवा हं, नाहीतर पोरांना वाटेल हे सगळं गरीब देशांतच होतं. जहाजाचं वेळापत्रक आणि बर्फाच्या तारखा लागल्या तर मी जमवून देते, मेसेज टाका.